निळ्याखालचा लाल

सायकल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची, मागे कॅरियर आणि कॅरियरला जुन्या ट्यूबने बांधलेला डबा. अ‍ॅटलस, हर्क्युलिस, नाहीतर हीरो. आमच्या पुण्यात ती खडकीच्या फॅक्टरीत जायची, बँकेत जायची, दूध घालायची आणि रविवारी एक पोर दांडीवर, एक कॅरियरवर बसवून सारसबागेतही जायची. सायकल म्हणजे घरातला कमावता माणूस. साधा, सरळ, आपल्या कामाशी काम ठेवणारा.

आता दुसरं चित्र बघा. दोन इंचांहून जाड गुबगुबीत टायर. दांडीखाली मोटरसायकलची असावी तशी फुगीर टाकी, पण आत पेट्रोल नाही. बॅटरी आणि हॉर्न! पुढच्या मडगार्डवर टॉर्पेडोसारखा दिवा. गाईच्या शिंगांसारखं रुंद हँडल. सीट एवढं ऐसपैस की त्यावर बसून जेवावं. गिअर एकच. हँडलला ब्रेक नाहीत. पेडल उलटं दाबलं की गाडी थांबते. वजन पन्नास पौंडांच्या आसपास, म्हणजे आपले बावीस-तेवीस किलो. एखादी मोटरसायकल इंजिन घरी विसरून बाहेर पडली असावी, असा एकूण थाट.

ही अमेरिकन क्रूझर. गेली काही वर्षं माझे शनिवार-रविवार, माझं गॅरेज आणि माझी नखं तिच्या ताब्यात आहेत.

इंजिन विसरलेली मोटरसायकल

ही सायकल अशी का दिसते, याचं उत्तर शिकागोत सापडतं. इग्नाझ श्विन नावाच्या जर्मन मेकॅनिकने १८९५ मध्ये अ‍ॅडॉल्फ अर्नोल्डबरोबर भागीदारीत तिथे सायकलचा कारखाना काढला. तेव्हा अमेरिकेत मोठ्या माणसांना सायकलचं वेड लागलं होतं. मग मोटारी आल्या आणि मोठी माणसं सायकलवरून उतरली, ती उतरलीच. त्यावर १९२९ ची मंदी. कारखाने चालवायचे कोणासाठी? उरलं एकच गिऱ्हाईक. शाळकरी पोरं.

इग्नाझचा मुलगा फ्रँक याने १९३३ मध्ये बलून टायर आणला. २६ बाय २.१२५, आत वेगळी ट्यूब. त्याआधी अमेरिकन सायकलींचे टायर बारीक आणि रिमला चिकटवलेले असायचे. पंक्चर झालं की वैताग. हा नवा टायर खड्ड्यात जाऊ दे, मातीत जाऊ दे, फुटपाथच्या कडेवरून उडी मारू दे, हूं की चूं करत नसे. बघता बघता सगळ्यांनी तो उचलला.

आणि पोरांना हवं होतं काय? त्यांना सायकल नकोच होती. त्यांना विमान हवं होतं, मोटरसायकल हवी होती. मग सायकलच तशी दिसायला लागली! श्विनने १९३४ मध्ये एअरोसायकल काढली, १९३८ मध्ये पुढे स्प्रिंगवाला फोर्क आणला. सिअर्स दुकानांतून एल्जिन, माँटगोमेरी वॉर्डमधून हॉथॉर्न, वेस्टर्न ऑटोतून वेस्टर्न फ्लायर विकल्या जायच्या. युद्धानंतर, १९४९ मध्ये, या सगळ्यांची महाराणी आली: श्विन ब्लॅक फँटम. काळा रंग, लाल पट्टे आणि जिथे जिथे शक्य तिथे क्रोम. ख्रिसमसच्या झाडाखाली ती दिसावी म्हणून पोरं वर्षभर शहाण्यासारखी वागायची म्हणतात.

पुढे पोरांची आवड बदलली. १९६३ मध्ये छोट्या चाकांची, केळ्यासारख्या लांब सीटची स्टिंग-रे आली, मग दहा गिअरच्या हलक्या सायकली आल्या. जाड टायरवाल्या गॅरेजच्या कोपऱ्यात गेल्या. श्विन कंपनीचं १९९२ मध्ये दिवाळं निघालं, २००१ मध्ये पुन्हा निघालं, आणि ते नाव पॅसिफिक सायकल कंपनीने विकत घेतलं.

पण कोपऱ्यात पडलेल्या म्हाताऱ्यांनी मधल्या काळात एक कमाल केली होती. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यातल्या काही तरुणांनी या भंगार झालेल्या श्विन डोंगरावर चढवल्या आणि कच्च्या रस्त्यावरून भन्नाट वेगाने खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. तिचं नाव रिपॅक, कारण एकदा खाली उतरलं की ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं. आज आपण ज्याला माउंटन बाइक म्हणतो, तिची आजी ही अशी.

शनिवार सकाळचा बाजार

मी २०१६ मध्ये नोकरीसाठी शिकागोजवळच्या एका उपनगरात आले. आठवडाभर क्यूबिकल, स्टेटस कॉल आणि एक्सेल शीट. वीकेंडला लाँड्री, इंडियन स्टोअर आणि घरी व्हिडिओ कॉल. आयुष्यात हाताने करायचं एकच काम उरलं होतं, टाइप करणं.

गॅरेज सेल हा इथला शनिवार सकाळचा टाइमपास. घरासमोर टेबलं मांडून लोक नको असलेल्या वस्तू विकतात. पुस्तकं, मिक्सर, ख्रिसमसचे दिवे... आणि कधीतरी मागे भिंतीला टेकून उभी असलेली गंजलेली सायकल. पहिली मी घेतली ती चाळीस डॉलरला, केवळ तिच्या दिसण्यावर भाळून. तेवढ्यावर भागेना म्हणून एप्रिलमध्ये एका स्वॅप मीटला गेले. मोठ्या मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून लोक बसलेले. खोक्यांतून पेडल, बेल, दिवे, सीटच्या स्प्रिंगा. विकणारे बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, रिटायर झालेले कारागीर. त्या गर्दीत तिशीतली भारतीय मुलगी बघून त्यांना कोण आनंद झाला! त्यातल्या एका आजोबांनी मला स्टूल दिलं, कॉफी दिली आणि तासभर शिकवणी घेतली. ती इथे देऊन टाकते, कारण कुणाचा कधी योग येईल सांगता येत नाही.

पहिली गोष्ट, नंबर बघायचा. श्विनचा नंबर १९५२ पर्यंत खाली, पेडलचा आस फ्रेममध्ये शिरतो त्या नळीवर असतो. १९५२ ते १९७० मागच्या चाकाच्या नटाजवळ, डाव्या बाजूला. त्यानंतर पुढे, हँडलखालच्या नळीवर. विकणारा काहीही सांगो, जन्मदाखला तिथे असतो.

दुसरी गोष्ट, टायरचा आकडा नीट वाचायचा. अपूर्णांकात २६ बाय १ ३/४ लिहिलं असेल तर तो श्विनचा स्वतःचा एस-७ साइझ. दुकानात सहज मिळतो तो दशांशातला २६ बाय १.७५. गणिताच्या पेपरात दोन्ही सारखे, पण रिमवर बारा मिलिमीटरचा फरक! एक दुसऱ्यावर बसणार नाही म्हणजे नाही.

तिसरी गोष्ट, चेन. एक दात सोडून एक दात अशी विचित्र चेन दिसली तर सायकल बहुधा युद्धाच्या आधीची किंवा पन्नासच्या सुरुवातीपर्यंतची. तिचे पार्ट महाग. खिसा बघून पाऊल टाकायचं.

आणि चौथी गोष्ट, जी आजोबांनी कॉफी संपल्यावर सांगितली. वस्तू ओरिजिनल एकदाच असते. नवा रंग कधीही देता येतो. जुना परत आणता येत नाही.

ओव्हरऑइलिंग, शिकागो स्टाइल

माझी निळी मला २०२२ च्या मे महिन्यात मिळाली. विकणाऱ्या बाई सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. घर विकून लहान फ्लॅटमध्ये चालल्या होत्या. सायकल श्विन, जाड टायरची, टाकीवाली. मुलांची, म्हणजे आडवी दांडी असलेली. नंबरावरून साल निघालं १९५३. साधं मॉडेल. स्प्रिंगचा फोर्क नाही, क्रोमचे मडगार्ड नाहीत. आणि रंग? निळा. पण कारखान्यातला नव्हे. खिडक्यांना देतात तसला ऑइलपेंट, ब्रशने फासलेला. केसांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते, एका ठिकाणी ओघळही सुकून बसला होता.

मी एकशेवीस डॉलर दिले. पैसे मोजता मोजता बाईंनी गोष्ट सांगितली. सायकल मूळची लाल. १९५३ मध्ये वडिलांनी मोठ्या भावाला घेऊन दिली होती. तो दहा वर्षांचा आणि बाई त्याच वर्षी जन्मलेल्या. १९६१ मध्ये बाईंना सायकल हवी होती, तेव्हा वडिलांची नोकरी गेलेली. नवी घेणं शक्य नव्हतं. भाऊ तोपर्यंत घर सोडून गेला होता. मग वडिलांनी रात्री तळघरात बसून ती लाल सायकल निळी केली आणि ख्रिसमसला लेकीला दिली.

‘‘मला वाटलं होतं नवीच आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘निदान मी तसं दाखवलं.’’ मग म्हणाल्या, ‘‘आत लाल असेल अजून. लालला किंमत जास्त येते असं ऐकलंय. तुम्हाला हवं ते करा.’’

घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे रंगाचा विचार करायला फुरसतच नव्हती. पुण्यात ज्याला आपण ओव्हरऑइल म्हणतो, ते साग्रसंगीत सुरू झालं. सीटची नळी फ्रेममध्ये गंजून एकजीव झालेली. तीन दिवस रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तेल सोडत होते, चौथ्या दिवशी हलली. क्रँक इथे एकाच अखंड लोखंडी तुकड्याचा असतो, दोन्ही बाजूंच्या दांड्या आणि मधला आस मिळून इंग्रजी झेडसारखा. तो काढायचा तर डावीकडचा नट उलट्या आट्यांचा, हे माहीत हवं. नाहीतर माणूस जोर लावून तो आणखी आवळत बसतो. वाट्या रॉकेलमध्ये धुतल्या, छर्रे नवे घातले, पांढरं ग्रीस भरलं. मागच्या हबमध्ये बेंडिक्सचा ब्रेक. उघडला तर आतलं ग्रीस काजळीसारखं काळं आणि टणक. स्वच्छ करून, शू तपासून परत बसवला. साठ-सत्तर वर्षांच्या त्या यंत्राला नवं ग्रीस आणि चार छर्रे सोडून काहीही लागलं नाही. आमच्या ऑफिसचा लॅपटॉप तीन वर्षांत जुना होतो.

रिमवरचा गंज काढायला दोन उपाय. क्रोम असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासायचा. हलका गंज सहज निघतो. नटबोल्ट आणि बारीक सामान ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ पाण्यात रात्रभर ठेवायचं. विषारी असतं, त्यामुळे हातमोजे हवेत आणि भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. चाकांचा आउट काढायला मला दोन रविवार लागले. आपल्याकडचा गल्लीतला सायकलवाला हे काम गप्पा मारता मारता दहा मिनिटांत करतो, तेव्हा तो नेमकं काय करतो याचा मला आता पत्ता लागलाय.

खर्चाचं विचाराल तर टायर-ट्यूब, छर्रे, सीटचं नवं कव्हर आणि इतर किरकोळ मिळून सायकलीच्या किमतीपेक्षा जास्त गेले. इन्व्हेस्टमेंट म्हणून हा फंडा साफ फेल आहे, आधीच सांगते.

कोणतं साल?

मग रंगाची पाळी आली. लेड टेस्टची कांडी निळ्यावर घासली, ती गुलाबी झाली. म्हणजे रंगात शिसं. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये. हा रंग १९६१ चा. त्यामुळे पॉलिश पेपर मारून धूळ उडवायची नाही. मास्क, हातमोजे, आणि सगळं काम ओलं. क्रँकच्या खाली, जिथे कोणी बघत नाही, तिथे कापसाच्या बोळ्याने सॉल्व्हेंट लावून बघितलं. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो, टणक. ब्रशने दिलेला आधी मऊ पडतो. दहा मिनिटांत रुपयाएवढा निळा निघाला आणि खाली लाल दिसला. असा लाल की काय सांगू! नेलपॉलिशची नवी बाटली उघडावी तसा.

मी फोटो काढला आणि स्वॅप मीटच्या आजोबांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: सगळा निळा काढ, खाली खजिना आहे, तिप्पट किंमत येईल. बरोबरच होतं त्यांचं. वस्तू ओरिजिनल एकदाच असते.

तरी माझा हात पुढे जाईना. रिस्टोअर करणं म्हणजे वस्तू परत आणणं, हे ठीक. पण कोणत्या सालाला परत आणायची? १९५३ ला नेली तर तिथे एक आनंदी मुलगा आहे, पण बाई नुकत्याच जन्मलेल्या आहेत. ती सायकल त्यांची नाहीच. १९६१ ला थांबवली तर कारखान्यातल्या कारागिराचं सुंदर काम एका हौशी माणसाच्या ब्रशखाली दडलेलं राहतं. आणि तो हौशी माणूस एका वाईट हिवाळ्यात तळघरात बसून दुसरं काय करू शकला असता? कारखान्याने तसल्या लाल सायकली ढिगाने केल्या. ही निळी एकच झाली.

त्या रविवारी पुण्याला कॉल लावला. आमची सोसायटी २०१९ मध्ये रिडेव्हलपमेंटला गेली, तेव्हा बाबांनी त्यांची अ‍ॅटलस वॉचमनच्या मुलाला देऊन टाकली. मी इथे असताना, मला न विचारता. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मी पाचवीत असताना त्याच सायकलच्या कॅरियरवर बसून क्लासला जात होते.

बाबांना सगळी सायकल कॅमेऱ्यातून दाखवली. त्यांनी आधी ग्रीस कोणतं घातलं ते विचारलं. मग चेन किती ढिली आहे ते बोटाने दाबून दाखवायला लावलं. शेवटी मी रंगाचं विचारलं.

‘‘बाबा, तुमची सायकल मूळची कुठल्या रंगाची होती हो?’’

‘‘काळी. कंपनीची काळीच असायची.’’

‘‘पण मला हिरवी आठवते.’’

‘‘अगं, तुझ्या जन्माच्या वर्षी रंगवली मी ती. गॅलरीच्या कठड्याचा रंग उरला होता. तू मांडीवर आणि हातात ब्रश. तुझ्या आईने काय बोलणी घातली होती!’’

‘‘मग मी परत मिळवून रिस्टोअर केली असती तर काळी करायची की हिरवी?’’

बाबा हसले. ‘‘ज्याची सायकल त्याचा रंग. त्या वॉचमनच्या पोराने आता भगवी केलीय म्हणे.’’

आपण पूर्वीच्या पुण्याबद्दल हळहळतो तेव्हाही असंच होत असेल. बाबांचं पूर्वीचं पुणं सत्तरच्या दशकातलं, सायकलींचं. माझं पूर्वीचं पुणं स्कूटीचं. बाबांना माझं पुणं म्हणजे गोंगाट वाटायचं, आणि आज पुण्यात लहान असलेल्या पोरांना मेट्रोचं पुणं आठवून गहिवरून येईल. प्रत्येकाला मूळ रंग म्हणजे आपण पहिल्यांदा बघितलेला रंग वाटतो. त्याखाली आणखी एक असतो, हे ओरखडा उमटल्याशिवाय दिसत नाही.

मी निळा ठेवला. पाण्याने आणि साबणाने धुतला, मेणाचं पॉलिश चढवलं. ओघळ तसाच आहे. क्रँकखालचा लाल ठिपकाही उघडाच ठेवला, गंज धरू नये म्हणून त्यावरही मेण.

आता ती धावते. इलिनॉय प्रेअरी पाथ नावाची जुन्या रेल्वेमार्गावरची वाट आमच्या जवळून जाते. बारीक खडीची, सपाट, दोन्ही बाजूंना झाडं. बलून टायरला याहून छान रस्ता नाही. बारीक टायरवाले लायक्रातले लोक सूं करून पुढे जातात आणि जाताना मान वळवून बघतात. चढ आला की मी उतरून ढकलते. उतारावर मात्र तिला कोणी गाठू शकत नाही. वजन कामाला येतं.

टाकीतला हॉर्न चालू झाला, त्या दिवशी मी व्हिडिओ काढून बाईंना पाठवला. त्या खूश झाल्या. निळ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, ओघळ आहे का अजून? मी म्हटलं, आहे. त्यांनी व्हिडिओ पुढे अ‍ॅरिझोनातल्या भावाला पाठवला. ते आता ऐंशीला टेकलेत. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांचं उत्तर मला पाठवलं. लिहिलं होतं: सायकल छान आहे, पण ही माझी नाही. माझी लाल होती.

मी गॅरेजमध्ये गेले, सायकल उलटी केली, आणि क्रँकखालच्या ठिपक्याचा फोटो काढून पाठवला.

तासाभराने उत्तर आलं. ‘‘हो. हीच.’’